डायजेस्टमध्ये नसलेला राग

*ताई, नमस्कार.*

*मी कळव्याला राहते आणि ठाण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावी कॉमर्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीच्या पुस्तकात शेवटी तीन कादंबऱ्यांचे उतारे आहेत: ‘टू सर, विथ लव्ह’, ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ आणि ‘द साइन ऑफ फोर’. आमच्या बाई म्हणाल्या, उताऱ्यावर थांबू नका, एक तरी कादंबरी पूर्ण वाचा आणि तुम्हाला काय वाटलं ते दोन पानांत लिहा. मी जिद्दीने पहिल्या दोन वाचल्या. ‘साइन ऑफ फोर’ आठव्या प्रकरणापर्यंत आलीय. पण डिक्शनरीत इतके शब्द बघावे लागतात की पान संपेपर्यंत गोष्टच विसरते. आणि मला जे वाटलं ते डायजेस्टमध्ये कुठेच नाही. अंदमानच्या लोकांचं वर्णन वाचून मला राग आला. जगप्रवासाच्या कादंबरीत भारत आला तेव्हा काहीतरी खोटं वाटलं, पण काय ते सांगता येत नाही. ‘टू सर’मध्ये अंत्ययात्रेच्या प्रसंगाला रडले. क्लासचे सर म्हणतात, एवढ्या मोठ्या लेखकांच्या चुका काढू नकोस, डायजेस्टमधलं लिही, मार्क जातील. इंग्लिश मीडियमची मैत्रीण म्हणते, एवढं सिरियसली कोण घेतं? माझं काही चुकतंय का?*

*– कळव्याची एक विद्यार्थिनी*

प्रिय मुली,

तुला आलेला राग खरा आहे आणि त्याला कारणही आहे. तू वाचलेल्या त्या पानापासूनच सुरुवात करू या.

आठव्या प्रकरणात होम्स कपाटातून गॅझेटिअरचा जाडजूड खंड काढतो आणि अंदमानच्या मूळ रहिवाशांचं वर्णन वॉटसनला वाचून दाखवतो. बुटके, कुरूप, क्रूर, माणसं खाणारे. ही अगदी ताजी आणि खात्रीची माहिती आहे, असं होम्स समजतो. तुझा राग इथलाच आहे. आता तेच पान पुन्हा उघड. त्या वर्णनात मध्येच एक वेगळं वाक्य आहे: या लोकांचा एकदा विश्वास बसला की ते अत्यंत निष्ठेने मैत्री करतात. आणि होम्स तिथे थांबून वॉटसनला सांगतो की हे लक्षात ठेव. रागाच्या भरात हे वाक्य नजरेतून निसटतं. तुझ्याही निसटलं असेल, तर त्यात नवल नाही.

पुढे दहाव्या प्रकरणात थेम्स नदीवर बोटींचा पाठलाग आहे. तिथे वॉटसन टोंगा या अंदमानी माणसाला पहिल्यांदा बघतो आणि त्याला त्या चेहऱ्यावर फक्त पशुत्व आणि क्रौर्य दिसतं. टोंगाला गोळी लागते, तो नदीत पडतो, संपला. मग येतं बारावं प्रकरण, टोंगासोबत इंग्लंडला आलेल्या जॉनथन स्मॉल या गुन्हेगाराची कबुली. ते तू अजून वाचलेलं नाहीस आणि मी तुला ते आजच वाचायला सांगेन. स्मॉल सांगतो की टोंगा जंगलात मरायला टेकला होता. आपण त्याची शुश्रूषा केली, दोनेक महिन्यांत तो चालायला लागला आणि मग त्याने आपली साथ सोडली नाही. त्याच्यासारखा इमानी सोबती कुणाला मिळाला नसेल, असंही तो म्हणतो. आणि हाच स्मॉल इंग्लंडला आल्यावर त्याच टोंगाला जत्रांमधून ‘काळा नरभक्षक’ म्हणून उभा करतो, कच्चं मांस खायला लावतो, नाचायला लावतो आणि टोपीत पैसे गोळा करतो.

म्हणजे एकाच कादंबरीत टोंगा आहेत किती बघ. गॅझेटिअरमधला एक, वॉटसनच्या नजरेतला एक, स्मॉलच्या आठवणीतला एक आणि जत्रेतल्या खेळातला एक. या सगळ्यांत टोंगा स्वतः काय म्हणतो, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही. तुला राग का आला याचं उत्तर मला इथे दिसतं. डायजेस्टमध्ये ते नसणारच, कारण डायजेस्ट उताऱ्यावर लिहिलेलं असतं आणि तू कादंबरी वाचतेयस.

कादंबरीबाहेरची एक गोष्टही इथे जोडता येईल. आपल्याकडे अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आठवतो, राजबंदी आठवतात. तिथल्या मूळ लोकांचा विचार आपणही फारसा करत नाही. १८५८ साली पोर्ट ब्लेअरला ब्रिटिशांनी कैद्यांची वसाहत केली. त्यानंतर बाहेरून आलेल्या रोगांनी, विशेषतः १८७७च्या गोवराच्या साथीने, ग्रेट अंदमानी लोक झपाट्याने संपत गेले. आज त्यांची संख्या काही डझनांवर आली आहे. ‘साइन ऑफ फोर’ १८९०ची. लंडनचे वाचक ज्यांच्या भीतीने शहारत होते, त्यांनाच त्या वेळी बाहेरून आलेल्या माणसांपासून जिवाचा धोका होता. अंदमानी लोक माणसं खातात ही तर जुनी ऐकीव गोष्ट. पुढे त्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तिला आधार सापडला नाही.

आता तुझ्या क्लासच्या सरांविषयी. त्यांचा अनादर न करता सांगते, मोठ्या लेखकाने लिहिलेलं तपासून बघणं हा उद्धटपणा नाही. त्याच बाराव्या प्रकरणात आग्र्याच्या किल्ल्यात स्मॉलच्या हाताखाली दोन शीख शिपाई आहेत. त्यांची नावं लेखक कॉनन डॉइलने ठेवली आहेत महोमेत सिंग आणि अब्दुल्ला खान. हे वाचून आपल्याकडचा कुणीही वाचक अडखळेल. ही कादंबरी लिहिली तोवर डॉइल भारतात आला नव्हता, तरी १८५७, आग्र्याचा खजिना आणि अंदमान हे सगळं घेऊन त्याने लंडनमधलं रहस्य रचलं. ते रहस्य उत्तम आहे. पहिल्या प्रकरणात वॉटसनच्या भावाच्या घड्याळावरचे ओरखडे बघून होम्स त्या माणसाचं सगळं आयुष्य सांगतो. ते वाचताना मला दर वेळी आनंद होतो, आणि तो आनंद टोंगावरच्या रागाने खोटा ठरत नाही. दोन्ही लिही. ‘ही कादंबरी वाईट आहे’ एवढंच लिहिलंस तर तुझे सर बरोबर ठरतील, कारण त्या वाक्याला काही आधार नसेल. पण होम्सने घड्याळाकडे जसं बघितलं, तसं तू पानाकडे बघितलंस आणि ओरखडा कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलंस, तर तुझं म्हणणं खोडून काढायला समोरच्यालाही पुस्तक उघडावं लागेल.

वर्गात इतकी वर्षं इंग्रजी शिकवताना मी मुलांना हेच सांगत आले आहे. ‘मला वाटलं’ असं खुशाल लिहा. फक्त त्याच्यापुढे पुस्तकातली जागा हवी, म्हणजे कुठल्या प्रकरणात, कोण बोलतंय, नेमकं काय घडतंय.

‘एटी डेज’मध्ये तुला खोटं काय वाटलं ते सांगता येत नाही म्हणतेस. चल, ती जागा शोधू. तुला ती माझ्यापेक्षा लवकर सापडायला हवी, कारण हा प्रवास तुझ्या दारावरून जातो! दहावं प्रकरण काढ. मुंबईहून सुटणारी रेल्वे साष्टी बेटातून जाते आणि ‘टॅना’समोर मुख्य भूमीवर येते, असं एक वाक्य तिथे आहे. टॅना म्हणजे आपलं ठाणं. आणि त्याच्यासमोरची मुख्य भूमी म्हणजे खाडीपलीकडचं तुझं कळवा. तू रोज कॉलेजला जाताना जी खाडी लोकलने ओलांडतेस, तीच ऐंशी दिवसांत जगप्रवासाची पैज लावलेला नायक फिलिअस फॉग ओलांडतो, फक्त उलट दिशेने. पुढच्या प्रकरणात कल्याण येतं, खंडाळा आणि पुण्याकडे जाणारा फाटा येतो, मग घाट. हे सगळं बरोबर आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ला धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले. फॉग मुंबईत उतरतो तो २० ऑक्टोबर १८७२ला. ज्यूल व्हर्न इथे कधी आला नाही, पण वर्तमानपत्रं आणि प्रवासवर्णनं वाचून त्याने रेल्वेचा मार्ग नीट मांडला आहे.

मग खोटं कुठे सुरू होतं? माझ्या मते, जिथे रूळ संपतात तिथे. कादंबरीत खोल्बी नावाच्या खेड्यापाशी गाडी थांबते आणि गार्ड सांगतो की अलाहाबादपर्यंतचे पन्नास मैल रूळच टाकलेले नाहीत. प्रत्यक्षात जबलपूरमार्गे मुंबई आणि कलकत्ता १८७०मध्येच रेल्वेने जोडले गेले होते. म्हणजे फॉगची गाडी खरं तर थांबायला नको होती. ती थांबली नसती तर हत्ती विकत घ्यावा लागला नसता, जंगल लागलं नसतं, कालीची मिरवणूक दिसली नसती आणि चितेवर चढवली जाणारी औदा भेटली नसती. ते पन्नास मैल व्हर्नला गोष्टीसाठी हवे होते. त्या पन्नास मैलांत त्याने युरोपातल्या वाचकाला अपेक्षित असलेला सगळा भारत भरून टाकला.

औदाचंच बघ. ती मुंबईच्या श्रीमंत पारशी व्यापाऱ्याची मुलगी. इंग्रजी शिक्षण झालेली, आईवडील गेलेले, मनाविरुद्ध बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी लग्न लावून दिलेली, आणि आता त्याच्या चितेवर. मुंबई परिसरात वाढलेल्या मुलीला हे पटणार कसं? पारशी घरातली मुलगी, बुंदेल्यांचा राजा, सती, कालीपूजा अशा चार ठिकाणच्या चार गोष्टी एका बाईवर लादल्या आहेत. तुला जे ‘काहीतरी’ खोटं वाटलं ते हे असावं. बघ पटतंय का. नाही पटलं तर तुझी जागा वेगळी आहे, ती तू शोध.

व्हर्नच्या बाजूनेही दोन गोष्टी मांडायला हव्यात. औदाला त्याने फार बोलू दिलेलं नाही, पण शेवटी लग्नाची मागणी तीच घालते. फॉगला ते सुचतही नाही. १८७२-७३च्या कादंबरीत हे लहान नाही. दुसरं म्हणजे तो शेवट. तो उताऱ्यातही आहे, त्यामुळे तुझ्या वर्गात सगळ्यांना माहीत असेल. पूर्वेकडे जात राहिल्याने फॉगचा एक दिवस वाचतो. डायजेस्टमध्ये ‘ही कथानकातली कलाटणी आहे’ असं लिहिलेलं असतं. तू कॉमर्सची आहेस, आकडेमोड करून दाखव: पूर्वेकडे एक अंश रेखांश गेलं की दिवस चार मिनिटांनी आखूड होतो. ३६० अंश गुणिले ४ मिनिटं म्हणजे १,४४० मिनिटं, म्हणजे बरोबर चोवीस तास. अख्ख्या कादंबरीत घड्याळाला चिकटून राहिलेला माणूस कॅलेंडरात चुकतो. याच्यावर एक परिच्छेद लिहिलास तर तो तुझा असेल.

‘टू सर’विषयी थोडंच लिहिते, कारण तिथे तुला मदतीची गरज कमी आहे. तू रडलीस ती जागा मला माहीत आहे. सील्स या मिश्रवंशीय मुलाची आई जाते आणि अंत्ययात्रेला सगळा वर्ग हजर असतो. पण त्याच्याआधीची पानं पुन्हा वाच. मुलं फुलांसाठी पैसे गोळा करतात आणि ती फुलं त्याच्या घरी घेऊन जायची वेळ आली की गप्प होतात. काळ्या माणसाच्या घरात जाताना कुणी बघितलं तर लोक काय म्हणतील? हीच मुलं आपल्या काळ्या सरांवर जीव लावतात. शाळेतले सर चालतात, पण त्या रंगाच्या माणसाच्या घराची पायरी चढायची म्हटली की पाय थांबतात. हे आपल्या गावांत आणि सोसायट्यांत जात बघून होतं. तू ते पाहिलं असशील, कदाचित घरी ऐकलंही असशील. रडू आलं ते का, हे लिहिताना हे आठवलं तर टाळू नकोस. लेखक ब्रेथवेटने आपलंच आयुष्य लिहिलं आहे. तो ब्रिटिश गयानात जन्मलेला इंजिनिअर, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात होता, आणि युद्ध संपल्यावर रंगामुळे त्याला इंजिनिअरची नोकरी मिळेना म्हणून तो लंडनच्या ईस्ट एंडमध्ये मास्तर झाला. पुस्तक आलं १९५९मध्ये. त्यातली मुलं फुलं हातात घेऊन थबकतात, तसे आपणही कधी ना कधी थबकलेले असतो.

आणि याच कादंबरीत तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या शाळेत दर आठवड्याला ‘वीकली रिव्ह्यू’ असतो. प्रत्येक मुलाने आठवडाभरात शाळेत काय घडलं, ते आपल्या शब्दांत लिहायचं. विषय, शिक्षक, शिकवण्याची पद्धत, कशावरही टीका करायची मुभा असते, आणि त्याबद्दल कुणी शिक्षा करायची नाही. ज्या पाठ्यपुस्तकातून तू परीक्षा देणार आहेस, त्यातल्याच कादंबरीत ही गोष्ट आहे. तुझ्या बाईंनी दोन पानं लिहायला सांगितली ती याच जातीची मागणी आहे. एवढा वेळ देणाऱ्या बाई मिळाल्या आहेत, त्यांना डायजेस्टचा उतारा नेऊन देऊ नकोस.

मार्कांचं चटकन सांगते. लेखी ८० गुणांच्या पेपरात कादंबरीचे १६. तिथे पन्नासेक शब्दांत उत्तर मागतात: हे पात्र कसं आहे, कथा कुठे घडते, अमुक प्रसंगाचं महत्त्व काय. तिथे विचारलं तेवढंच, उताऱ्याला धरून लिही. टोंगावरचा राग पन्नास शब्दांत घालायला जाऊ नकोस. पण ज्याने जागा दाखवून लिहायची सवय केली, त्याला ही उत्तरं पाठ करावी लागत नाहीत. आणि २० गुणांच्या तोंडीला उभी राहशील तेव्हा पाठ केलेलं वाक्य मध्येच तुटतं. वाचलेल्या प्रसंगाचं तसं होत नाही.

आता डिक्शनरी. ती दुसऱ्या खोलीत ठेव. प्रकरण सुरू केलंस की पेन्सिल हातात घे आणि अडलेल्या शब्दाखाली नुसती रेघ मारत पुढे जा. प्रकरण संपल्यावर मराठीत दोन-तीन ओळींत लिही, काय झालं आणि कुठे थांबावंसं वाटलं. मग रेघा बघ. ज्या शब्दामुळे गोष्ट अडली तोच शोध, किंवा जो पुन:पुन्हा येतोय तो. डॉइलमध्ये जुन्या लंडनच्या घोडागाड्यांची नावं सतत येतात. गाडी आहे एवढं कळलं की पुरे. व्हर्नच्या बाबतीत तर लक्षात ठेव की मूळ पुस्तक फ्रेंच आहे. तू वाचलंस ते इंग्रजीही भाषांतरच आहे. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या किती तरी कादंबऱ्या मराठी मुलांसाठी आणल्या. ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३पासूनचं आहे आणि तुझ्या वाटेवर आहे. तिथे व्हर्न मराठीत मिळतोय का ते विचार, आधी मराठीत वाच आणि मग पुन्हा इंग्रजीत. यात चोरटं काही नाही. व्हर्न आणि डॉइलची इंग्रजी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मोफत आहेत, म्हणजे मोबाइलवर लोकलमध्येही वाचता येतील.

लिहायलाही मराठीतच बस. माझ्या मनात तुझ्या टोंगावरच्या परिच्छेदाचा कच्चा खर्डा साधारण असा येतो: ‘आठव्या प्रकरणातलं गॅझेटिअर अंदमानच्या लोकांना क्रूर म्हणतं, पण विश्वास बसला की ते निष्ठेने मैत्री करतात असंही म्हणतं. दहाव्या प्रकरणात वॉटसनला फक्त क्रौर्य दिसतं. बाराव्यात स्मॉल त्याला इमानी सोबती म्हणतो आणि त्यालाच जत्रेत नाचवतो. टोंगाची बाजू आपल्याला त्याच्या तोंडून कळत नाही. मला याचा राग आला.’ साधी, आखूड वाक्यं आहेत. ती इंग्रजीत न्यायला तुला डायजेस्ट लागणार नाही. हाच खर्डा मात्र उतरवून काढू नकोस. बारावं प्रकरण वाचल्यावर तुला स्मॉलचा राग येईल की त्याची कीव, हे मला इथे बसून कसं कळणार?

मैत्रिणीशी वाद घालत बसू नकोस. तिला फक्त विचार की फॉगची गाडी कळव्यावरून गेली हे तुला माहीत होतं का.

दोन पानांत तिन्ही पुस्तकं बसणार नाहीत, एकच घे. टोंगा घेणार असशील तर आधी कादंबरी पूर्ण कर, मग लिही. औदा घेणार असशील तर दहा ते चौदा ही प्रकरणं पुन्हा वाच आणि शेवटाजवळचा लग्नाच्या मागणीचा भाग शेजारी उघडा ठेव.

तुझी,
ताई